भयपटांतला क्रूस



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. आम्ही आज भुतांच्या चित्रपटांवर बोलणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे आणि, खरे सांगायचे तर, थिएटरातील पुढच्या बाकांवर. तेथे बसून आम्हांस एक प्रश्न नेहमी पडे. विलायती पिशाच्च क्रूस पाहून मागे का सरते?

याचे मूळ ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत पाहावे. तिच्यातला इंग्रज तरुण कचेरीच्या कामासाठी ट्रान्सिल्व्हानियात जातो. उतारगृहाची म्हातारी मालकीण त्याच्या गळ्यात क्रूस घालते. तो प्रॉटेस्टंट, असल्या वस्तू म्हणजे मूर्तिपूजा, असे त्याला शिकविलेले. पण म्हातारीचे मन मोडवेना म्हणून तो तो ठेवून घेतो, आणि पुढे तोच त्याच्या कामी येतो. आणि ड्रॅक्युला कोण? किल्ल्यात राहणारा सरंजामदार, इतरांच्या रक्तावर जगणारा. (भांडवलाला या पिशाच्चाची उपमा मार्क्सने त्याआधी तीस वर्षे, १८६७ साली, देऊन ठेवली होती, कामगारांना ती समजावून सांगावी लागत नाही.)

ख्रिस्ती उपासनेत भाविक भाकर आणि द्राक्षारस घेतात. ख्रिस्ताने आपले शरीर आणि रक्त दुसऱ्यांसाठी दिले, ही त्यामागची श्रद्धा. ड्रॅक्युला दुसऱ्यांचे रक्त स्वतःसाठी घेतो. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी थडग्यातून उठतो; ड्रॅक्युला रोज रात्री उठतो. त्या धर्मातील सर्वांत मोठी आशा उलटी टांगली की भयपट तयार होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात थडग्यापाशी आलेल्या स्त्रियांना देवदूत पहिली गोष्ट सांगतो ती ही, की भिऊ नये. भयपटाने ते सांगणे गाळले आणि थडगे तेवढे ठेवून घेतले.

हा माल मुंबईस आला तेव्हा त्यातली श्रद्धा वाटेत गळाली, हत्यारे तेवढी पोचली. रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढला आणि १९८४ साली ‘पुराना मंदिर’. या दुसऱ्या चित्रपटात सामरी नावाच्या सैतानाचे धड पुरलेले, शिर पेटीत बंद, आणि त्यावर शंकराच्या त्रिशूळाचा पहारा. क्रूसाच्या जागी त्रिशूळ बसविला, बाकी यंत्र तेच. पण त्याला पुरला कशाला, जाळला का नाही? आरंभीच जाळला असता तर चित्रपटच संपला असता! थडग्यातून उठण्यासाठी आधी थडगे हवे. म्हणून आमच्या चित्रपटवाल्यांना दफनभूमी लागते, आणि कितीदा तरी ती ख्रिस्ती शेजाऱ्याची असते. वाकडे क्रूस, धुके, घुबड.

यात कोणाचे काय गेले, असे कोणी विचारील. युनियनच्या ख्रिस्ती सभासदांच्या अंत्यविधीला आम्ही गेलो आहोत. तेथे धुके नसते. घामाघूम झालेले खड्डा खणणारे असतात, मूठभर माती टाकून रडणारी बायकामुले असतात. ज्या पोराने ही जागा फक्त पडद्यावर पाहिली, ते त्या भिंतीवरून जाताना धावत सुटते, आणि आत कोणाची तरी आई निजलेली असते.

मंगळवेढ्यास तरी हे परके वाटू नये. हे बसवेश्वरांचे गाव; लिंगायत बांधव आपल्या माणसाला मातीतच ठेवतात. आणि आपले चोखोबा! येथल्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर गाडले गेले. परंपरा शके १२६० सांगते. नामदेव हाडे शोधायला आले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली आणि पंढरपुरास नेली. तेथे महाद्वारापाशी समाधी आहे. बोलणारी हाडे! पटकथा लिहिणाऱ्याच्या हाती हा प्रसंग पडता तर त्याने नामदेवांना किंचाळत पळविले असते. बाकीच्या मजुरांची हाडे मात्र कोणी ओळखली नाहीत, ही गोष्ट आम्हां युनियनवाल्यांच्या मनातून जात नाही.

भयपटाचे दुसरे दुकान झपाटलेल्या माणसाचे. १९७३ सालच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’पासून ते जगभर चालले. त्यात खऱ्या जेझुइट पाद्र्यांनीही कामे केली आहेत. चर्चचा १६१४ सालचा विधिग्रंथ पाद्र्याला आधीच बजावतो की, माणूस झपाटला आहे यावर सहजी विश्वास ठेवू नये. आजार आहे का ते पाहावे. पडद्यावर दोन तासांत भूत निघते. जर्मनीत एका तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर, तिला अपस्मार असल्याचे निदान झालेले असताना, बिशपच्या परवानगीने दहा महिने विधी चालले, आणि १९७६ साली ती अन्नावाचून मेली. १९७८ साली न्यायालयाने आईबाप आणि दोन पाद्री यांना दोषी ठरविले.

आपल्याकडे पाद्र्याच्या जागी मांत्रिक असतो. भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, हे सारे महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्यांनी त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटून काम केले, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. कायद्यात पोलिसांतून दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. आपल्या भागात तो कोण, हे उद्या सकाळी कोणी तरी ठाण्यावर जाऊन विचारावे. सोबत हवी असल्यास आम्ही उद्या दुपारच्या मोटारीपर्यंत गावात आहोत.