पानिपतच्या पत्रावरची अरबी तारीख

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या वर्षी पेशव्यांच्या दफ्तरात जे कागद लिहिले गेले, त्यांवर १७६१ हा आकडा सापडत नाही. तिथे असते ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’. हे शब्द अरबी आहेत. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. एकूण झाले अकराशे एकसष्ट. हा शुहूर सन. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, त्यानंतरची असेल तर ६०० मिळवायचे, की इसवी सन हाती येतो. मोडी वाचायला शिकणाऱ्या प्रत्येकाला इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस ही उजळणी घोकावीच लागते.

आता या सनाचा जन्म पाहा. हिजरी सन चांद्र आहे, त्याचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे. सूर्याची तेहतीस वर्षे होतात तेवढ्यात त्याची चौतीस होतात. राज्याचा शेतसारा मात्र पिकावर बसतो आणि पीक पावसावर येते. चंद्राच्या वर्षाने सारा मागायला गेले, तर काही वर्षांनी कापणीच्या आधीच कुळाच्या दारात उभे राहावे लागेल. म्हणून चौदाव्या शतकाच्या मध्याला हिजरी सनाचा त्या वेळचा आकडा तसाच धरला गेला आणि पुढचे वर्ष सूर्याच्या चालीने मोजायला सुरुवात झाली. वर्षारंभ ठरला मृग नक्षत्रावर. आकड्याचे मूळ हिजरतीत, आकड्यांची नावे अरबी, वर्षाची सुरुवात आपल्या शेतकऱ्याच्या मृगाला आणि हे सगळे वापरणारे पेशव्यांचे कारकून. पानिपतवर ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांनीही त्या वर्षाची नोंद याच शब्दांत केली.

हा कागद मराठ्यांच्या इतिहासाचा की इस्लामी संस्कृतीच्या इतिहासाचा, असे कोणी विचारले तर काय उत्तर द्यायचे? माझे आजचे सगळे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे. विद्यापीठात हे दोन इतिहास वेगळ्या खोल्यांत शिकवले जातात. त्यांच्या मधली भिंत पाडण्यासाठी ज्याने आपले अवघे आयुष्य वेचले, अशा एका शिक्षकाची ओळख मी आज करून देणार आहे.

त्यांचे नाव मार्शल हॉजसन. जन्म १९२२ सालचा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. ते क्वेकर पंथाचे होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिला आणि त्याऐवजी नागरी सेवा केली. पुढे शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि तिथेच शिकवू लागले. १९५०च्या दशकात त्यांनी इस्लामी संस्कृतीचा वर्षभर चालणारा अभ्यासक्रम उभा केला. तो साध्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी होता, अरबी-फारसीचे पंडित घडवण्यासाठी नव्हता. वर्गात लावावे असे पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच टिपणे आणि मूळ ग्रंथांतले उतारे जमवून ते खंडांच्या रूपात विद्यार्थ्यांच्या हाती दिले. ती टिपणे वाढत गेली आणि त्यांतून ‘द व्हेंचर ऑफ इस्लाम’ हा तीन खंडांचा ग्रंथ तयार झाला. तो हातावेगळा होण्याआधीच, १९६८ साली, वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, हॉजसन वारले. त्यांचे सहकारी रूबेन स्मिथ यांनी हस्तलिखित मार्गी लावले आणि १९७४ साली ग्रंथ छापून आला.

मित्रहो, वर्गासाठी लिहिलेली टिपणे एखाद्या विषयाचा पाया होतात, असे फार क्वचित घडते. इथे ते का घडले? हॉजसन यांनी माहितीच्या आधी चष्मा तपासला, म्हणून. तीन गोष्टी त्यांनी तपासल्या : नकाशा, कालखंड आणि शब्द.

पहिला नकाशा. भिंतीवरचा जगाचा नकाशा बहुधा मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीचा असतो. खलाशांना दिशा धरायला तो उत्तम. पण त्यात विषुववृत्तापासून दूरचे प्रदेश फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. नॉर्वे आणि स्वीडन हे दोन देश मिळून जेवढी जमीन होते, तिच्या जवळपास चौपट एकटा भारत आहे, पण नकाशा पाहून तसे कोणी म्हणणार नाही. हॉजसन यांचा आक्षेप असा की, भूगोलात जे घडते तेच इतिहासाच्या पुस्तकातही घडते. ग्रीस, रोम, मध्ययुग, प्रबोधन, औद्योगिक क्रांती ही युरोपची गोष्ट झाली जगाचा इतिहास, आणि उरलेले जग अधूनमधून येणारे प्रकरण. त्यांनी उलटे मांडले. चीनपासून युरोपपर्यंत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांपर्यंत शेती आणि नगरे असलेला एक सलग पट्टा हजारो वर्षे नांदत होता. युरोप हे त्याचे पश्चिमेचे टोक. नाईल नदीपासून मध्य आशियातल्या अमू दर्यापर्यंतचा प्रदेश हा त्याचा चव्हाटा. त्या चव्हाट्यावर इस्लाम उभा राहिला, आणि म्हणूनच जगाचा इतिहास बाजूला ठेवून इस्लामी संस्कृती कळत नाही आणि इस्लामी संस्कृती वगळून जगाचा इतिहास लिहिता येत नाही.

याला आपल्या ओळखीचे उदाहरण देतो. ब्रह्मगुप्ताने शून्यासह गणिताचे नियम ६२८ साली मांडले. आठव्या शतकात भारतीय ज्योतिष आणि गणित बगदादला पोहोचले. नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मीने भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला. १२०२ साली फिबोनाचीने ते अंक इटलीतल्या व्यापाऱ्यांपुढे ठेवले. तिकडून चीनचा कागद समरकंदमार्गे आला आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये तयार होऊ लागला. ‘कागद’ हा आपला शब्दही फारसीच आहे. युरोपची भरभराट झाली, तेव्हा चीनची बारूद आणि होकायंत्र, भारताचे अंक, बगदादचे बीजगणित हे सारे भांडवल तिच्या मागे होते. म्हणून हॉजसन युरोपच्या उत्कर्षाचे कारण युरोपीय माणसाच्या अंगच्या गुणांत शोधत नाहीत. साऱ्या पट्ट्याने जमवलेल्या ठेव्यावर ते फळ आले, असे ते सांगतात. त्यांच्याच विद्यापीठातले विल्यम मॅकनील यांनी १९६३ साली ‘द राइज ऑफ द वेस्ट’ हा गाजलेला ग्रंथ लिहिला. पंचवीस वर्षांनी त्याच ग्रंथाकडे वळून पाहताना, आपण चीनचे मोठेपण पुरेसे ओळखले नव्हते, हे त्यांनी जाहीरपणे लिहिले. विद्यापीठ असे असावे.

दुसरी गोष्ट कालखंडाची. आपल्याला ठाऊक असलेली कहाणी अशी : बगदादच्या खलिफांचे सुवर्णयुग, १२५८ साली मंगोलांनी बगदाद जाळले आणि मग उतरती कळा. हॉजसन ही कहाणी मान्य करत नाहीत, आणि पुरावा त्यांच्या बाजूने आहे. ज्या १२५८ साली बगदाद पडले, त्याच साली शिराझमध्ये सादीने ‘गुलिस्तान’ पुरे केले. दुसऱ्याच वर्षी, बगदाद जाळणाऱ्या हुलागूच्याच आश्रयाने, नसीरुद्दीन तूसीने मरागा इथे वेधशाळा उभारायला घेतली. रूमी १२७३ला गेला, हाफिज त्याच्या पुढच्या शतकातला. इब्न खल्दूनने इतिहासाचे शास्त्र मांडणारा ‘मुकद्दिमा’ १३७७ साली लिहिला. उस्मानी, सफवी आणि मोगल ही तीन बलाढ्य राज्ये तर त्यानंतरची. सोळाव्या शतकात जगावर वरून नजर टाकली असती, तर इस्लामी राज्ये जगाच्या मध्यभागी पसरलेली दिसली असती. उतरती कळा आधी गृहीत धरली की इतकी शतके डोळ्यांआड होतात, आणि त्यांत आपल्या बहमनींची, आदिलशाहीची आणि निजामशाहीची शतकेही जातात.

तिसरी गोष्ट शब्दांची, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. ‘इस्लामी’ या एका शब्दात आपण नमाज, घुमट, तलवार, गझल, अत्तर आणि बिर्याणी सगळे कोंबतो. हॉजसन यांनी भेद केला. धर्माशी निगडित ते इस्लामी. मुसलमान राज्यकर्ते आणि समाज यांच्या अवतीभवती जे जीवन फुलले, ज्यात इतर धर्मांचेही लोक बरोबरीने सामील होते, त्याला त्यांनी ‘इस्लामिकेट’ हा नवा शब्द घडवला. फारसी भाषेच्या वळणाने घडलेल्या संस्कृतीला ‘पर्शियनेट’ म्हटले. बगदादमध्ये ग्रीक वैद्यक अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. कैरोत राहून अरबीत तत्त्वज्ञान लिहिणारा मैमोनिदीस यहुदी होता. शहाजहानच्या दरबारात फारसी लिहिणारा चंद्रभान ब्राह्मण होता.

या भेदावरही वाद झाला आणि तो होणे योग्यच होते. शहाब अहमद या अभ्यासकाने अलीकडे असा सवाल केला की, काव्य आणि चित्रकला ‘इस्लामिकेट’च्या कप्प्यात टाकली, तर धर्म म्हणजे फक्त कायदा आणि कर्मकांड असे आपणच ठरवून टाकत नाही का? सवाल जड आहे. पण त्याने हॉजसन यांचे काम मोडीत निघत नाही, पुढे जाते. शब्द तासून घ्यायची सवय लागली की माणूस ‘ते लोक असेच’ असे सहज म्हणत नाही, आणि ‘आमचे सगळे सुवर्णच’ असेही म्हणत नाही. द्वेष आणि उदोउदो, दोन्हींना ढोबळ शब्दच लागतात.

आता घराकडे येऊ. हॉजसन यांचे पहिले पुस्तक १९५५चे, अलमूतच्या निजारी इस्माइलींवरचे. या पंथाचे इमाम आगाखान एकोणिसाव्या शतकात इराणहून निघून मुंबईला आले आणि माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. पंथाचे दुर्मीळ फारसी ग्रंथ संपादून छापण्याचे काम व्लादिमीर इवानोव या रशियन पंडिताने मुंबईतच बसून केले. म्हणजे शिकागोच्या त्या पहिल्या पुस्तकाची काही कच्ची सामग्री मुंबईच्या छापखान्यातून गेली होती.

आणि दख्खन! कास्पियन समुद्राकाठच्या गिलानचा महमूद गवान बीदरला वजीर होतो आणि १४७२ साली तिथे मदरसा बांधतो. इथिओपियात जन्मलेला मुलगा गुलाम म्हणून अरबस्तानातल्या बाजारांतून हात बदलत अहमदनगरला येतो, मलिक अंबर होतो, खडकी शहर वसवतो आणि जमीनमहसुलाची घडी बसवतो. त्याच्या बाजूने १६२४ला भातवडीच्या रणात शहाजीराजे लढतात. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सुलतानाच्या चाकरीत होते, आणि नाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी राजशब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण जे शब्द बदलायचे ते आधी नीट जाणणारी माणसे त्यांच्या पदरी होती, हे आपण विसरतो. आणि इतके होऊनही पेशवा, फडणीस, चिटणीस, सुभेदार हे शब्द टिकलेच. शाई, दौत, दफ्तर, हिशेब, तारीख यांच्याशिवाय आजही आपले पान हलत नाही.

आपल्या पूर्वसूरींना हे कळत होते. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला. भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी फारसी कागद खंडाखंडांनी प्रसिद्ध केले. सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणली आणि सूफी संप्रदायावर मराठीत ग्रंथ लिहिला. यांतल्या कोणालाही मराठ्यांचा अभिमान कमी नव्हता. शत्रूच्या आणि शेजाऱ्याच्या कागदांशिवाय आपला इतिहास एका डोळ्याने पाहिल्यासारखा होईल, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

म्हणून शेवटी तीन मागण्या करतो. विद्यापीठांत इतिहासाच्या पदवीला जगाचा इतिहास शिकवताना नाईल ते अमू दर्या हा प्रदेश मधोमध ठेवा, परिशिष्टात नको. मोडीच्या वर्गाला जोडून फारसी लिपीचा एक वर्ग चालवा. ज्याला दोन्ही लिप्या वाचता येतात तोच दख्खनचा इतिहास स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो. आणि तिसरी मागणी इथे बसलेल्या तरुणांकडे. एखाद्या समाजाविषयी ठाम मत बनवण्याआधी त्याने लिहिलेला एक तरी ग्रंथ, अनुवादात का होईना, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. हॉजसन आपल्या विद्यार्थ्यांपुढे हेच ठेवत होते.

येत्या मृगाला शुहूर सन चौदाशे सव्वीस, सत्तावीस, जो काही असेल तो सुरू होईल. कोणी त्याची नोंद करणार नाही. पण पावसाची वाट पाहत आपण त्या दिवशी आभाळाकडे बघू, तेव्हा एवढे आठवा : जो दिवस आपण आपला म्हणून जपतो, त्याच दिवशी आपल्याच कारकुनांनी चारशे वर्षांहून अधिक काळ अरबी आकड्यांनी नवे वर्ष मांडले.