सातपुड्यातील पायवाट आणि तिचे पूर्वनियोजन
(सदर, नागपूर येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वैशाखाच्या उन्हाने हैराण झालेल्या नागपूरकरांच्या मनात दरसाल याच सुमारास पचमढीचा विचार येतो, आणि तो बहुधा इतक्या तडकाफडकी अमलात आणला जातो की, छिंदवाडा-तामिया मागे टाकून मोटार मटकुलीच्या पुढची चढण चढू लागली, तरी मुक्काम कोठे करावयाचा, पायी किती चालावयाचे आणि कोणत्या वाटेला कोणाचा परवाना लागतो, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मंडळींजवळ तयार नसते. आजचे माझे विवेचन या तीन प्रश्नांपुरते आहे. सृष्टिसौंदर्याचे वर्णन ऐकण्याच्या अपेक्षेने कोणी आले असतील, तर त्यांची निराशा होईल.

प्रथम ऋतूचा विचार करू. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे आणि पचमढीचे पठार त्याहून साधारण साडेसातशे मीटर वर. दर हजार मीटर चढाईला हवेचे उष्णमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरते, हा भूगोलातील स्थूल नियम लावला, तर लाभ निघतो तो जेमतेम पाच अंशांचा. म्हणजे मे महिन्यात आपण तेथे जातो ते थंडीत नव्हे, तर किंचित सुसह्य अशा उन्हात. रात्र सुखाची जाते, सालवृक्षांची छाया दाट असते, हे खरे. पण भर दुपारी उघड्या वालुकाश्मावरून चालणाऱ्याला तो खडक नागपूरच्या डांबरी रस्त्याची आठवण करून दिल्यावाचून राहत नाही. पायी हिंडण्यासाठी सातपुड्याचा खरा काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. पाऊस सरून ओढे वाहते असतात, वाटांवरचे शेवाळ सुकलेले असते, आणि डिसेंबरातील रात्री इतक्या गार असतात की पातळ चादरीवर निभावून नेण्याची उमेद बाळगणाऱ्याला पहाटेपर्यंत जागरण घडते.

या डोंगरांशी नागपूरचा संबंध सुट्टीपुरता नाही. ज्या रेसिडेन्सीचे नाव आपल्या सदरमधील हमरस्त्याला आजही चिकटून आहे, त्या रेसिडेन्सीच्या सत्तेने 1818 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत करून अलाहाबादेकडे रवाना केले. वाटेत पहाऱ्यातून निसटलेले अप्पासाहेब आश्रयाला गेले ते याच महादेवाच्या डोंगरात, गोंड सरदारांच्या मुलुखात, आणि तेथे त्यांनी काही महिने कंपनी सरकारच्या फौजांना झुलवत ठेवले. पुढे 1861 मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली, राजधानी नागपूर ठरली, आणि कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या अधिकाऱ्याने 1862 मध्ये पचमढीच्या पठारावर बायसन लॉज नावाची वास्तू उभारली. कालांतराने प्रांताच्या सरकारचे दप्तर उन्हाळ्यात तेथेच हलू लागले. पचमढी ‘शोधून काढल्याचे’ श्रेय या फॉर्सिथसाहेबांना देण्याची प्रथा आहे. परंतु 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच ग्रंथात महादेवाच्या जत्रेचे आणि तिला लोटणाऱ्या यात्रेकरूंचे वर्णन आहे, त्यावरून साहेब पोहोचण्याच्या कितीतरी आधी वऱ्हाड-नागपूरकडचा कुणबी ती वाट तुडवीत होता, हे उघड आहे.

आणि माझे मुख्य प्रतिपादन नेमके येथेच आहे. पर्वतप्रवासाची आखणी कशी करावी हे शिकण्यासाठी आपणांस आल्प्समधील पथदर्शिका धुंडाळण्याची आवश्यकता नाही. ते शास्त्र आपल्या विदर्भातील यात्रेकरूंच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे, फक्त शिकलेल्या माणसाने ते शास्त्र म्हणून कधी पाहिले नाही. नागद्वारीची यात्राच घ्या. धूपगडाच्या वाटेवरील जलगलीपासून काजळी, पद्मशेष या ठिकाणांकडे जाणारी ही वाट सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीतून जाते, आणि एरवी तेथे सर्वसामान्यांना मज्जाव असतो. नागपंचमीच्या आगेमागे मोजके दिवस ती खुली होते, आणि तेवढ्या अवधीत लाखांनी माणसे ती चालून येतात. त्या दिवसांत त्या दरीत हिंदीपेक्षा मराठीच अधिक कानांवर पडते. पाऊस कोसळत असतो, खडक निसरडे झालेले असतात, ओढे केव्हा फुगतील याचा नेम नसतो. अशा स्थितीत अनवाणी चाललेला तो जथा सुखरूप परत येतो तो केवळ श्रद्धेच्या बळावर, असे म्हणणे म्हणजे त्याच्या शहाणपणाचा अपमान आहे. जथ्यात वाट ठाऊक असलेला एक वडीलधारा पुढे असतो आणि त्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही. पाठीवरचे ओझे थोडे असते. चालण्याचा वेग म्हाताऱ्यांच्या पायांवर ठरतो. आणि वाटेत कोणत्या मंडळाच्या भंडाऱ्यात पोटाची सोय होईल, याची माहिती घर सोडण्यापूर्वीच काढलेली असते.

मात्र यात्रेकरूंचे गुणगान करताना दुसरी बाजू झाकणे न्याय्य होणार नाही. एवढा समुदाय राखीव वनातून गेला की मागे प्लास्टिकचा आणि उच्छिष्टाचा जो थर उरतो, तो उपसता उपसता वनखात्याची माणसे मेटाकुटीस येतात. फॉर्सिथच्या काळात महादेवाच्या जत्रेत पटकीने थैमान घातले होते. पाणी आणि शौच यांची तजवीज हा प्रवासाच्या आखणीचा गौण भाग नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक सोपा आडाखा सांगितला: दर तीन मैलांस एक तास, आणि दर 2,000 फूट चढाईस आणखी एक तास. महादेवाच्या देवस्थानापासून चौरागडाच्या शिखराची चढण साडेतीन-चार किलोमीटरांची आणि तेराशेच्या आसपास पायऱ्यांची; या आडाख्याने ती सव्वा तासाच्या आत उरकली पाहिजे. परंतु नेस्मिथच्या हिशेबात धडधाकट, विश्रांती न घेणारा पुरुष गृहीत आहे. त्यात आजी नाहीत, लहान मुले नाहीत, आणि नवसाचा लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेतलेला भाविक तर मुळीच नाही. कुटुंबाने दुप्पट वेळ धरावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हिशेब परतीपासून उलटा मांडावा. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दरीत अंधार त्याच्याही आधी उतरतो. म्हणून साडेचारला पायथा गाठावयाचा असेल, तर दुपारी अमुक वाजता, शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी, मागे फिरावयाचे, हे सकाळीच सर्वांसमक्ष ठरवून टाकावे. वर पोहोचल्यावर असा निर्णय घेण्याइतके मनोबल माणसात क्वचितच शिल्लक असते.

परवान्याची गोष्ट पुष्कळांना जाचक वाटते. मला वाटत नाही. ज्या बोरीच्या जंगलाला 1865 सालापासून संरक्षण मिळाले आणि जे हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या राखीव वनांत गणले जाते, ते जंगल, 1981 मध्ये घोषित झालेले सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि पचमढीचे अभयारण्य मिळून हा व्याघ्रप्रकल्प झाला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशा क्षेत्रात पर्यटनासाठी प्रवेश हा परवानगीचा विषय आहे. आग लावणे, केरकचरा टाकणे, शस्त्र बाळगणे यांस मनाई आहे. आपली हौस भागावी म्हणून सरकारने मुभा द्यावी असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, वाघाला जागा मोकळी व्हावी म्हणून या वनातील गावेच्या गावे उठून बाहेर गेली आहेत, आणि त्यांच्या शेतांवर आज गवत उभे आहे. ज्यांनी घरदार सोडले त्यांच्या त्यागापुढे आपला एक अर्ज आणि थोडी दिरंगाई ही फार मोठी किंमत नव्हे.

राहुटी ठोकण्याच्या बाबतीत तर स्वैराचाराला वाव मुळीच नाही. गाभाक्षेत्रात मनास येईल तेथे पडाव टाकता येत नाही. पचमढीहून देनवा नदीच्या खोऱ्याकडे उतरणारी, फॉर्सिथच्याच नावाने ओळखली जाणारी अनेक दिवसांची पायवाट वाटाड्यासह आणि मंजूर जागी मुक्काम करूनच चालावी लागते. वाटाड्या हा बहुधा गोंड किंवा कोरकू असतो. त्याला हमाल समजू नये. कड्यावरचे आग्यामोहोळ कोठे आहे, मोहाची फुले गळू लागली की पहाटे कोणत्या झाडाखाली अस्वल असण्याचा संभव आहे, हे त्याला ठाऊक असते, आणि अत्तर लावून येणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या पाहुण्यामुळे मोहोळ उठले, तर त्याचे प्रायश्चित्त सर्वांनाच भोगावे लागते. चुलीचा मोह टाळावा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि फुटाणे एवढ्यावर दोन दिवस सुखाने निघतात. पाणी मात्र माणशी तीन-चार लिटर हवे, आणि वाटेतला ओढा उन्हाळ्यात वाहता असेल या भरवशावर राहू नये.

ज्यांना राज्याची सीमा ओलांडावयाची नाही, त्यांनी मेळघाटाकडे वळावे. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीने हल्ला चढवला, तेव्हा त्याच्याच बाजूच्या स्टीव्हन्सनच्या तुकडीने उत्तरेकडून डोंगरात वाट काढीत अवजड तोफा माणसांकरवी ओढून नेल्या होत्या. त्या घाटांत आज आपल्याला पाठीवरची एक पिशवी जड होते. सिपना नदीवरील कोलकास, सेमाडोह ही मुक्कामाची ठिकाणे निवांत आहेत. मात्र पावसाळी रविवारी चिखलदऱ्यास जाणाऱ्याने डोंगर पाहण्याची आशा सोडून मोटारींची रांग पाहण्याची तयारी ठेवावी.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात सातपुडा उद्यानाचे गाभाक्षेत्र पर्यटकांस बंद असते, आणि ऑक्टोबरात दरवाजे उघडताच दिवाळीच्या सुट्टीची झुंबड उडते. तेव्हा ज्यांना यंदा हिवाळ्यात पायी जावयाचे आहे, त्यांनी आपली मंडळी, आपला म्होरक्या आणि आपल्या तारखा पावसाळ्यातच निश्चित कराव्यात, आणि वनखात्याकडे मुक्कामाची मागणी दिवाळीची वाट न पाहता नोंदवावी.