मालमोटारीचा चालक

वसई तालुक्यांतील समुद्रकांठच्या कळंब गांवाहून निघालें, नालासोपारा मागें टाकून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागलें आणि चिंचोटीहून कामणच्या वाटेला वळलें, कीं पुढें भिवंडीच्या वखारी लागतात. साबणापासून साखरेपर्यंत मोठ्या दुकानांत विकलें जाणारें कितीतरी सामान येथूनच बाहेर पडतें. गृहिणीला दुकान दिसतें. माल आणणारा चालक मात्र दिसत नाहीं. आज विचार करावयाचा तो त्याच्या नोकरीचा.

हा माल दोन रीतींनीं नेतां येतो. पहिली रीत भाड्याच्या गाडीची. दुकानदार वाहतूकदाराला काम देतो, तो गाडीमालकाला देतो, आणि चालकाला पुष्कळदां खेपेगणिक पैसे मिळतात. खेपा अधिक तर प्राप्ति अधिक. मग झोंप तोडणें ओघानेंच आलें.

दुसरी रीत दुकानदारानें स्वतःच्या गाड्या व पगारी चालक ठेवण्याची. अमेरिकेंतील वॉलमार्ट पेढीची ही रीत आहे. २०२२ सालीं तिच्या पदरीं सुमारें १२ हजार चालक होते. नव्या चालकाला पहिल्या वर्षीं १ लक्ष १० हजार डॉलरपर्यंत प्राप्ति होऊं शकेल, असें तिनें त्या सालीं जाहीर केलें, आणि आपल्याच इतर नोकरांना हें काम शिकविण्याची सोयही केली. हा धर्मादाय नव्हे. गाडी वेळेवर न आल्यास दुकानाची फळी रिकामी राहते, हा त्यांतील रोकडा हिशेब आहे.

आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाची बैठक वातानुकूलित असणें आवश्यक ठरलें. परंतु खेपेवर राबणाऱ्याचे तास मोजणार कोण? गाडी एकाची, माल दुसऱ्याचा, आणि जागरण तिसऱ्याचें! पगारी चालकाला जाब विचारण्यासाठीं निदान एक धनी तरी असतो.

चालकाच्या परवान्यासाठीं असलेली आठवीची अट २०१९ सालीं निघाली. तथापि वेतनपत्र वाचण्यापुरतें शिक्षण हवेंच. कळंबच्या तरुणानें नोकरी धरण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत: वेतन कोणाच्या सहीनें मिळणार? भविष्यनिर्वाह निधि भरला जातो कां? रात्रीच्या खेपेनंतर विसावा किती? पगाराचा आंकडा त्यानंतर पाहावा. कारण झोंप गमावून मिळविलेला अधिक पैसा रस्त्यावरील एका क्षणांत फार महाग पडतो.

आणि दुकानांत माल वेळेवर हवा असें म्हणणाऱ्या आपणां सर्वांनीं एवढें लक्षांत ठेवावें, कीं वस्तूच्या किंमतींत चालकाच्या विसाव्याचें मोलही धरलेलें असलें पाहिजे.