जागणाऱ्याची साक्ष

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. भुकेल्याला कोंड्याची भाकरीही गोड लागते आणि झोप आलेल्याला दगडाची उशीही चालते. ही म्हण ज्यानं केली तो नक्की गाढ झोपेचा असणार. धोंडा एक वेळ चालेल हो, पण त्या धोंड्याशेजारी कुणी रात्रभर घोरत असेल तर काय करायचं, हे त्यानं सांगून ठेवलेलं नाही.

घोरणाऱ्यांवर विनोद भरपूर झाले. थेट कुंभकर्णापासून त्यांची परंपरा सांगितली जाते. पण घोरणाऱ्याच्या शेजारी पंख्याकडे बघत पडलेल्या माणसाविषयी फारसं कुणी बोलत नाही. मी या दुसऱ्या जमातीतली. माझी झोप सावध. मांजरानं ओट्यावरून उडी मारली तरी मला जाग येते. आणि गेली तेहतीस वर्षं माझा संसार चालू आहे तो उत्तम घोरणाऱ्या गृहस्थांशी.

सावध झोपेच्या माणसाला घरात सहसा एकच उपदेश मिळतो. 'तू लक्षच देऊ नकोस.' जणू आम्ही हौसेनं कान लावून बसतो! झोपेतसुद्धा मेंदू कानावर पडणाऱ्या आवाजांची निवड करत असतो. 1960 साली इयान ऑसवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना वेगवेगळी नावं ऐकवली, तेव्हा स्वतःच्या नावाला मेंदू जास्त प्रतिसाद देतो असं दिसलं. रेल्वे लाइनलगतच्या चाळीतली बाई लोकलच्या धडधडाटात झोपते आणि पोर नुसतं कुरकुरलं की उठते, ते यामुळेच. पुढे 2010 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी बारा जणांना आवाज ऐकवत झोपवलं. झोपेत मेंदूत विजेच्या बारीक लहरींचे झुपके उठतात. ज्यांच्या मेंदूत असे झुपके जास्त, त्यांची झोप आवाजानं कमी मोडली. म्हणजे आमची झोप सावध असते ती काही स्वभाव चिडका म्हणून नव्हे. ती मेंदूची घडण आहे.

पंख्याची घरघर चालते आणि घोरणं का चालत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. पंखा एका लयीत चालतो. घोरण्याला लय असते, पण ती भरवशाची नसते. चढत जाते, मध्येच तुटते, मग एखादा मोठा फूत्कार येतो. प्रत्येक बदलाला मेंदू दचकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 साली सुचवल्याप्रमाणे, चांगल्या झोपेसाठी खोलीतला सततचा आवाज 30 डेसिबलच्या आत असावा आणि मधूनच होणारा आवाज 45 च्या वर जाऊ नये. जोरदार घोरणं नेहमीच्या बोलण्याइतकं, म्हणजे 60 डेसिबलपर्यंत सहज पोचतं. आपल्या देशातल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. शेजारच्या मंडपाविरुद्ध तक्रार करता येते. शेजारच्या उशीविरुद्ध कुठे करणार?

पण घोरणारा तरी काय मुद्दाम घोरतो? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट अरुंद होते आणि त्या वाटेनं जाणाऱ्या हवेनं मऊ टाळू आणि पडजीभ थरथरते. उताणं झोपलं की जीभ मागे पडते आणि वाट आणखी अरुंद होते. वजन वाढलं, नाक चोंदलं, रात्री मद्य घेतलं किंवा झोपेची गोळी घेतली, तर आवाज वाढतो. आणि स्वतःचा आवाज त्या बिचाऱ्याला ऐकूच येत नाही. 'मी? मी कुठे घोरतो?' हे वाक्य अगदी मनापासून आलेलं असतं.

आमच्या घरी सगळ्यांना हे घोरणं कौतुकाचं वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, 'दमून येतो गं, गाढ झोप लागते त्याला.' घोरणं म्हणजे सुखाची झोप, असा आपल्याकडे पक्का समज आहे. मला मात्र 2018 च्या सुमाराला वेगळंच काही ऐकू यायला लागलं. ऐकू यायला लागलं, ते घोरणं थांबल्याचं! आवाज चढत जायचा आणि एकदम बंद. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. मी मोजायची. पंधरा, वीस, कधी पंचवीस. मग बुडणारा माणूस पाण्यावर येऊन श्वास घेतो तसा मोठा हुंदका आणि पुन्हा घोरणं. हे असेच झोपलेले. सकाळी उठल्यावर डोकं जड. रक्तदाबाची गोळी सुरू होऊनही दाब आटोक्यात नाही. आणि एकदा सिग्नलला स्कूटर उभी असताना ह्यांना डुलकी लागली. मागच्यानं हॉर्न दिला म्हणून जाग आली.

मी एका रात्री फोनवर त्या आवाजाचं रेकॉर्डिंग केलं आणि सकाळी चहाबरोबर ऐकवलं. आधी हसले. मग तो थांबलेला भाग आला. त्या वीस सेकंदांत चहाचा कप हातातच राहिला. 'अहो, हे रात्रभर चालतं,' एवढंच मी म्हणाले. त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि प्रश्न ह्यांना कमी, मलाच जास्त विचारले. किती वेळा थांबतो, किती सेकंद, उताणे असताना जास्त का. झोपलेल्या माणसाला आपल्या झोपेची साक्ष देता येत नाही. ती जागणाऱ्यानंच द्यायची असते.

या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. घसा पुरता मिटतो आणि श्वास निदान दहा सेकंद अडतो. अंगावर तारा लावून रात्रभर तपासणी करतात. श्वास अडण्याचं किंवा फार उथळ होण्याचं प्रमाण तासाला पाचपेक्षा कमी असेल तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. आमच्याकडे आकडा आला चौतीस. प्रत्येक वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि हृदयावर ताण येतो. उपचार झाला नाही तर रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढतो. गाडी चालवताना डोळा लागण्याचा धोका वेगळाच.

उपाय म्हणून जे यंत्र आमच्या घरी आलं त्याला सीपॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली ही पद्धत पुढे आणली. नाकावरच्या मुखवट्यातून हलक्या दाबानं हवा येते आणि घसा उघडा राहतो. पहिले पंधरा दिवस त्रासाचे गेले. मुखवटा टोचायचा, पट्टे ओढले जायचे. मग सवय झाली. यंत्राचाही आवाज असतो, बरं का. पण तो पंख्यासारखा एका लयीतला. त्यामुळे आता मीही झोपते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1999 साली दहा जोडप्यांवर अभ्यास झाला होता. नवऱ्याला हे यंत्र लावल्यावर शेजारी झोपलेल्या बायकोला रात्री सरासरी तासभर जास्त झोप मिळाली. एका तपासणीनं दोघांची झोप परत येते, ती अशी.

अर्थात प्रत्येक घोरणारा आजारी नसतो. श्वास अडत नसेल तर साधे उपायही खूप मदत करतात. कुशीवर झोपावं. उताणं वळायची सवय असेल तर बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवावा. हा जुना उपाय आहे आणि अनेकांना लागू पडतो. वजन थोडं उतरवावं, रात्रीचं मद्य टाळावं, नाकाचा त्रास असेल तर तो दाखवावा. गंमत म्हणजे, 2006 साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी पंचवीस रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींना ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं डिजेरिडू हे लांबलचक फुंकवाद्य चार महिने वाजवायला लावलं. घशाच्या स्नायूंना व्यायाम झाला आणि त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांचा त्रास कमी झाला. या संशोधनाला 2017 मध्ये इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं, तेही शांततेसाठीचं!

आता जागणाऱ्यांसाठी. कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही. स्पंजचे इअरप्लग मिळतात. ते बोटांनी दाबून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसते खुपसले तर आवाज अडत नाही. पंखा किंवा टेबलफॅन चालू ठेवावा. घोरणाऱ्याच्या आधी अर्धा तास अंथरुणाला पाठ टेकावी. झोपेच्या गोळ्या मात्र मनानं घेऊ नयेत.

आणि तरीही जमलं नाही तर? तर दुसरीकडे अंथरूण घालावं. इथे आपलं अडतं. नवरा-बायको वेगळ्या खोलीत झोपले की 'काही बिनसलंय का?' अशी कुजबुज सुरू होते. दोन खोल्यांच्या घरात तर हॉलमध्ये टाकलेली गादी सगळ्यांना दिसते. पण याच आपल्या चाळींत वर्षानुवर्षं पुरुष गॅलरीत आणि बायका-मुलं खोलीत झोपत. त्यांचे संसार काही मोडले नाहीत. झोप न झाल्यानं सकाळी उठून भांडणारं जोडपं आणि झोप झाल्यामुळे एकत्र चहा घेणारं जोडपं, यात कुणाचं बिनसलंय ते तुम्हीच ठरवा. फक्त एक लक्षात ठेवा. श्वास अडत असेल तर खोली बदलून तुमची झोप होईल, त्याचा आजार मात्र तिथेच राहील, आणि तो ऐकायला कुणीही जागं नसेल. म्हणून आधी डॉक्टर, मग खोली.

जाता जाता बायकांच्या घोरण्याविषयी. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही घोरणं आणि श्वास अडणं वाढतं. पण बाई घोरते हे सांगायची तिलाच लाज वाटते आणि घरातले ते हसण्यावारी नेतात. दिवसभर थकवा, सकाळचं डोकं दुखणं, यांचा दोष वयाला आणि कामाला दिला जातो. नवरा गाढ झोपेचा असेल तर साक्षीदारही नाही. पुरुषमंडळींना माझी विनंती आहे की एखादी रात्र जागून ऐका. लग्नाच्या वाढदिवसाला साडी द्याच, पण ही एक रात्रही द्या.

घोरणाऱ्याला कोपर मारणं सोपं असतं, आणि मीही ते भरपूर मारलेलं आहे. पण पुढच्या वेळी कोपर उचलण्याआधी घड्याळाकडे बघा आणि दोन श्वासांमधलं अंतर मोजा. दहाच्या पुढे गेलात, तर सकाळी तो आकडा त्यांना सांगा आणि डॉक्टरांनाही.