ऊन आहे, मग पाणी का तापत नाही?

मी बचत गटांची सहयोगिनी. आज आपण घरी बनवलेल्या सौर बंबाविषयी बोलणार आहोत. आमचा पहिला बंब फसला होता. तो कसा दुरुस्त झाला, तेच आज सांगते.

सात-आठ माणसांच्या घरात रोज १०० लिटर पाणी सहज तापवावं लागतं. हिवाळ्यातलं २० अंशांचं तेवढं पाणी ५० अंशांवर न्यायला साडेतीन युनिट वीज लागते. साध्या चुलीवर त्यासाठी सात-आठ किलो लाकूड जळतं, कारण बरीचशी धग बाजूनंच निघून जाते. ते लाकूड कोण आणतं आणि धूर कुणाच्या डोळ्यांत जातो, हे मी सांगायला नको.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक बाळंतपणाला माहेरी येणार होती. म्हणून ताईंनी गटातून कर्ज घेतलं. भंगारातून लोखंडी पाइप आणि पत्रा आणला, जुन्या खिडकीची काच घेतली आणि गावातल्या वेल्डरकडून पेटी करून घेतली. दुपारी बघतो तर पेटीतला पाइप चटका देत होता, आणि पिंपातलं पाणी जेमतेम कोमट! "पैसे पाण्यात घातले," असं घरचे बोलले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हप्ता तर भरायचाच होता.

मग आम्ही विचार केला. पेटी तापते, म्हणजे ऊन पकडलं जातंय. ते पिंपापर्यंत पोचत नाहीये.

पहिली चूक पिंपाची. ते पेटीच्या शेजारीच, खाली ठेवलं होतं. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं. मोटर न लावता पाणी फिरायचं असेल, तर पिंपाचा तळ पेटीच्या वरच्या टोकापेक्षा फूटभर तरी उंच हवा. पिंपाच्या तळातून निघालेला पाइप पेटीच्या खालच्या टोकाला जोडायचा. पेटीच्या वरच्या टोकातून निघालेला पाइप पिंपाच्या वरच्या भागात सोडायचा. हा गरम पाइप सतत चढता हवा. मध्ये झोळ पडला की हवा अडकते आणि पाणी थांबतं. पिंपातलं पाणी या पाइपच्या तोंडाखाली गेलं, तरीही फिरणं बंद होतं.

दुसरी चूक पाइपच्या आकाराची. आम्ही एकच लांब पाइप नागमोडी वळवला होता. इतक्या वळणांतून पाणी आपोआप सरकत नाही. मग शिडीसारखी रचना केली. वर-खाली दोन जाड आडवे पाइप आणि मध्ये अर्ध्या इंचाचे उभे पाइप. उभे पाइप पत्र्याला तारेनं घट्ट आवळले, कारण पत्र्याची उष्णता पाइपला टेकल्याशिवाय पाण्यात जात नाही. वरून फळ्याचा बिनचकाकीचा काळा रंग दिला.

आता संध्याकाळी पाणी कढत मिळू लागलं. पण सकाळी पुन्हा कोमट! ही तिसरी चूक. पिंप उघडं होतं. त्याला जुन्या गोधड्या गुंडाळल्या, वरून गोणपाट आणि पावसासाठी प्लास्टिकचा कागद बांधला. पेटीत पत्र्याखाली दोन इंच भाताचा तूस कोरडा करून भरला. तिथे थर्माकोल नको, तो उष्णतेनं आकसतो. काचेच्या कडेच्या फटीही बुजवल्या.

पेटीचं तोंड दक्षिणेला ठेवा. पेटी सहा फूट लांब असेल, तर वरचं टोक खालच्या टोकापेक्षा तीन फूट उंच करा. आपल्याकडच्या हिवाळ्याला हा उतार चांगला जमतो. घरगुती पेटीला १०० लिटरसाठी साधारण २० ते २२ चौरस फूट काच धरा. पेटी लहान असेल तर पाणीही कमी तापेल.

एक नियम पाळा. एका वेळी एकच बदल करा आणि रोज ठरावीक वेळी पाणी मोजून वहीत लिहा. त्यासाठी तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो साधारण ४२ अंशांपर्यंतच असतो. जास्त अंशांचा वेगळा मिळतो.

काही काळजी घ्या. पिंपाचं झाकण गच्च बंद करू नका. रसायनाचं पिंप कधीच वापरू नका. हे पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला घेऊ नका. बाळाच्या अंघोळीआधी थंड पाणी मिसळून कोपरानं तपासा. क्षाराचं पाणी असेल तर पाइप आतून चोंदतात, म्हणून मधूनमधून पाणी सोडून द्या. आणि आभाळ आलं की चूल पेटवावी लागणारच, हे आधीच धरून चला.

ताईंची लेक आली तेव्हा उन्हाच्या दिवशी तिची आणि बाळाची अंघोळ याच पाण्यानं व्हायची. हप्तेही फिटले. पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. आता शेजारच्या बायका ताईंनाच विचारायला येतात, आणि ताई आधी त्यांना आपल्या तिन्ही चुका दाखवतात.

तुमच्या गटात कुणाचा बंब फसून पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. पुढच्या बैठकीनंतर सगळ्या मिळून त्याच्याजवळ जा आणि उष्णता कुठे अडते, कुठे गळते ते हात जपून तपासा.