पेशींमधील संदेशवहन आणि औषधाची निवड
(वार्षिक सभेतील भाषण)



आज मी एका कृमीविषयी बोलणार आहे. सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा सूत्रकृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब व माणसाला निरुपद्रवी आहे. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिज येथे त्याची संशोधनासाठी निवड केली. त्याच्या पेशी मोजक्या, शरीर पारदर्शक; त्यामुळे प्रत्येक पेशीची वंशावळ मांडता आली.

या कृमीचा अंडी बाहेर टाकण्याचा मार्ग कसा घडतो, हे पाहण्यासारखे आहे. त्वचेखालील सहा पेशींपैकी तिघींना शेजारची एक पेशी रासायनिक संदेश देते. पेशीच्या पृष्ठभागावरील ‘लेट-२३’ हा ग्राही तो स्वीकारतो आणि आतील ‘लेट-६०’ या प्रथिनाकडे सोपवतो. ग्राही निकामी झाला, तर मार्ग घडतच नाही. ‘लेट-६०’ कायमचे चालू राहिले, तर मात्र संदेश येवो न येवो, अंगावर जादा उंचवटे उठतात. हे दोन्ही दोष एकाच कृमीत आणले असता ‘लेट-६०’चाच प्रभाव टिकतो. दार बंद असले, तरी घरातील दिवा जळतच राहावा, तसे हे आहे.

१९९०मध्ये उलगडा झाला, की ‘लेट-२३’ हे मानवी ईजीएफआर ग्राहीचे व ‘लेट-६०’ हे मानवी रास प्रथिनाचे प्रतिरूप आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दिले जाणारे सेटुक्सिमॅब हे औषध याच ग्राहीचे दार बंद करते. परंतु सुमारे ४० टक्के रुग्णांच्या गाठीत केरास जनुक बिघडलेले असते. अशा रुग्णांना या औषधाचा लाभ होत नाही, हे २००८पर्यंतच्या अभ्यासांनी दाखवून दिले. कृमीने शिकवलेला क्रम तोच होता.

हे औषध अत्यंत महाग आहे. त्यासाठी कुटुंबे दागिने मोडतात, जमीन गहाण ठेवतात. ज्याला ते लागूच पडणार नाही, त्याच्या घरच्यांवर ही पाळी येऊ नये. तपासणीत दोष आढळला नाही, म्हणजे गुणाची हमी मिळाली असे नव्हे. परंतु दोष आढळला, तर व्यर्थ खर्च व त्रास निश्चित टळतो. म्हणून औषधापूर्वी रास जनुकांची तपासणी व्हावी आणि गरजू रुग्णांसाठी तिचा खर्च रुग्णसाहाय्य निधीतून व्हावा, अशी विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे.