डोक्याला मार लागल्यावर
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मेंदूसारख्या विषयावर मी बोलावे, हे कुणाला धाडसाचे वाटेल. पण गेल्या वर्षी माझी धाकटी जाऊ स्कूटरवरून पडली. तिच्या उशाशी अठरा दिवस बसून डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले, तेच सांगते.

पडल्यावर ती उठली, पदर सावरला, घरी येऊन चहासुद्धा प्याली. संध्याकाळी मात्र दोन उलट्या झाल्या आणि ग्लानी आली. असे कसे?

मार बसतो एका क्षणात, पण नुकसान पुढे कितीतरी तास, दिवस चालूच राहते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते रसायनांकरवी. त्यांतले एक ग्लूटामेट. मार बसला की ते भलतेच सांडते आणि शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसते. कॅल्शियम हाडांना चांगले खरे, पण पेशीत बेसुमार शिरले की तिची चूलच विझते. मग मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी जाग्या होतात. त्या घाण साफ करतात, पण त्यांनी सोडलेल्या रसायनांनी आणखी दाहही होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, सूज चढते. पाय सुजला तर फुगायला जागा असते. कवटी काही फुगत नाही! आत दाब वाढतो आणि रक्त पोहोचेनासे होते.

“मग सूज उतरवायला स्टिरॉइड का देत नाही?” मी विचारले. पूर्वी देत असत म्हणे. पण दहा हजारांवर रुग्णांच्या ‘क्रॅश’ नावाच्या चाचणीत २००४ साली दिसले की, ते दिलेल्यांत मृत्यू अधिक झाले. मी तर थक्कच झाले.

जाऊ आता स्वयंपाक करते. पण मिक्सरचा आवाज तिला सोसत नाही, आणि मीठ घातले की नाही ते आठवत नाही. हा दाह काहींच्या मेंदूत महिनोन्‌महिने धुमसत राहतो, असे डॉक्टर म्हणाले.

आपण बायका मागे एका बाजूला पाय टाकून बसतो, डोके उघडे. हेल्मेटने केस विस्कटतात ना! कायद्याने ते मागे बसणारीलाही लागते.

डोक्याला मार लागलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा उलटी झाली, झोपेतून नीट जाग येईना, बोलणे असंबद्ध झाले, डोकेदुखी वाढत गेली, झटका आला किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळात न्यावे. घरातली ॲस्पिरिनची गोळी देऊ नये; तिने रक्तस्राव वाढू शकतो.